विश्लेषण : ड्रम नसलेले गाणे, पण शिट्टीसारखा सूर… मिनी रिपर्टनचे ‘सौम्य’ संगीत संवेदनशील कानांना झेपते का?

मिक्सर सुरू झाला की कान घट्ट दाबून धरणारे मूल, वरातीतला बँड जवळ आला की गल्ली बदलणारी व्यक्ती, मायग्रेनच्या दिवसांत भांड्यांचा आवाजही सहन न होणारी गृहिणी… अशा माणसांच्या घरी शांत गाणी शोधणे हे एक कामच होऊन बसते. मोबाइलवर शोध घेतला की ‘सॉफ्ट सोल’ या नावाच्या याद्या समोर येतात आणि त्यांत एक गाणे हमखास असते, ‘लव्हिन यू’. एक गिटार, एक इलेक्ट्रिक पियानो, मागे पक्ष्याची किलबिल आणि एका बाईचा आवाज, बस्स. १९७५ मध्ये हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले. ते गाणारी मिनी रिपर्टन त्यानंतर जेमतेम चार वर्षे जगली. संवेदनशील कानांसाठी तिचे संगीत खरोखर योग्य आहे का? याचे उत्तर पूर्णपणे ‘हो’ असे देता येत नाही आणि ते का, हे तिच्या आयुष्याकडे पाहिले की समजते.

‘सोल’ म्हणजे शांत संगीत का?

नाही. इथेच अनेकांची फसगत होते. ‘सोल’ या शब्दाचा अर्थ आत्मा, म्हणून हे ध्यानधारणेचे संगीत असावे असा समज होतो. प्रत्यक्षात आफ्रिकन-अमेरिकन चर्चमधील गॉस्पेल गायन आणि ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ यांच्या मिश्रणातून १९५० आणि ६० च्या दशकांत हे संगीत घडले. चर्चमधला आवेश, टाळ्या, आर्त किंकाळी हे सारे त्यात आले. जेम्स ब्राऊनची गाणी सोलच आहेत आणि कान नाजूक असलेल्या माणसासाठी ती फटाक्यांच्या माळेसारखी ठरू शकतात. डेट्रॉइटच्या ‘मोटाउन’ कंपनीच्या अनेक गाण्यांत खंजिरीसारखे टॅम्बुरिन ठेक्यावर सतत वाजते. साध्या श्रोत्याला ते जाणवतही नाही, पण ज्याला धारदार आवाज टोचतात त्याला आधी तेच ऐकू येते.

शिकागो शहराचा बाज मात्र थोडा वेगळा होता. तिथल्या सोलमध्ये व्हायोलिनचे ताफे, कोमल आवाज आणि सुटसुटीत गायन यांना जास्त जागा होती. मिनी रिपर्टन याच शहरातली.

कोण होती मिनी रिपर्टन?

८ नोव्हेंबर १९४७ रोजी शिकागोत तिचा जन्म झाला. आठ भावंडांत ती सर्वांत धाकटी. वडील रेल्वेच्या पुलमन डब्यांत प्रवाशांची व्यवस्था पाहणारे कर्मचारी होते. त्या काळातील कृष्णवर्णीय कुटुंबांसाठी ही तुलनेने स्थिर नोकरी मानली जाई. घरात गाणे होते. मिनीला आधी नृत्याची आवड होती, पण तिचा गळा वेगळा आहे हे आईवडिलांनी ओळखले आणि शिकागोच्या लिंकन सेंटरमध्ये तिचे संगीत, नाट्य आणि नृत्याचे शिक्षण सुरू झाले. तिथे तिला ऑपेराच्या पद्धतीचे स्वरशिक्षण मिळाले. श्वास कुठे घ्यायचा, शब्द कसा सोडायचा, वरच्या सुरावर जाताना गळा कसा मोकळा ठेवायचा, असा तो अभ्यास होता.

हा अभ्यास पुढे निर्णायक ठरला. चर्चमधून आलेले गायक आवाजाला धार आणि खर देत. मिनीचा आवाज वर जाताना पातळ आणि स्वच्छ होत जाई. मात्र ऑपेराकडे न वळता तिने लोकप्रिय संगीताची वाट धरली. किशोरवयातच ती ‘द जेम्स’ या मुलींच्या गटात दाखल झाली आणि शिकागोच्या ‘चेस रेकॉर्ड्स’ कंपनीत मोठ्या कलाकारांच्या मागे कोरस गाऊ लागली. १९६५ मध्ये गाजलेल्या फोंटेला बासच्या ‘रेस्क्यू मी’मागच्या आवाजांत तिचाही आवाज आहे. याच कंपनीत तिने स्वागतिकेचे कामही केले. दिवसा फोन घ्यायचे आणि बोलावणे आले की स्टुडिओत जायचे! १९६६ मध्ये ‘अँड्रिया डेव्हिस’ या टोपणनावाने तिचे एकल गाणेही निघाले. ते फारसे चालले नाही.

पहिला अल्बम आणि पहिला धोका…

१९६७ मध्ये चेस कंपनीच्या एका उपशाखेने ‘रोटरी कनेक्शन’ हा गट उभा केला. कृष्णवर्णीय आणि गोरे कलाकार एकत्र, सोलमध्ये रॉक आणि वर वाद्यवृंद, असा तो प्रयोग. त्यामागचा मेंदू होता संगीतकार चार्ल्स स्टेपनी. मिनीच्या आवाजाचे काय करता येईल हे ज्याला सर्वांत आधी उमगले, तो हाच माणूस. कधी तो तिचा आवाज शब्दांशिवाय, एखाद्या बासरीसारखा, वाद्यवृंदाच्या वर तरंगत ठेवी.

स्टेपनीबरोबरच १९६९ च्या अखेरीस तिने ‘कम टू माय गार्डन’ हा पहिला स्वतंत्र अल्बम ध्वनिमुद्रित केला. १९७० मध्ये तो बाजारात आला आणि जवळजवळ कुणाच्या लक्षात न येता गेला. आज तो अभिजात मानला जातो. त्यातले पहिलेच गाणे ‘ले फ्लर’, म्हणजे फुले. एका फुलाच्या मनोगताची कल्पना, कुजबुजल्यासारखी सुरुवात, मोजकी वाद्ये. ‘सौम्य गाणी’ म्हणून जमवलेल्या याद्यांत हे गाणे असते ते या सुरुवातीमुळे. पण ध्रुपद आले की अख्खा समूहस्वर, पितळी वाद्ये आणि ड्रम एकदम उसळतात. सामान्य श्रोत्याच्या अंगावर रोमांच येतो तो याच क्षणी. आवाजाच्या अचानक उसळीने घाबरणाऱ्या मुलासाठी मात्र हाच क्षण अख्खी संध्याकाळ बिघडवू शकतो. जॉर्डन पील या दिग्दर्शकाने २०१९ च्या ‘अस’ या भयपटाच्या शेवटी हे गाणे वापरले, यात नवल वाटू नये.

पहिल्या ३० सेकंदांवरून गाणे निवडू नये, हा धडा या एका गाण्यातून मिळतो. त्रास अनेकदा मोठ्या आवाजाचा नसतो, तो न सांगता मोठ्या झालेल्या आवाजाचा असतो. सुरुवातीपासून सलग मध्यम आवाजात चालणारे गाणे अशा श्रोत्याला पुष्कळदा जास्त सोयीचे पडते.

‘लव्हिन यू’ कसे जन्मले?

१९७० मध्ये मिनीने गीतकार-संगीतकार रिचर्ड रुडॉल्फशी लग्न केले. पहिला अल्बम पडला होता, रोटरी कनेक्शनही विस्कटत चालले होते. दोघे शिकागो सोडून फ्लोरिडातील गेन्सव्हिल या विद्यापीठाच्या गावी राहायला गेले. मुलगा मार्क आधीच होता. जुलै १९७२ मध्ये माया झाली. (हीच माया रुडॉल्फ पुढे ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’मुळे घराघरांत पोहोचलेली विनोदी अभिनेत्री.) मिनी जवळजवळ गृहिणी झाली होती आणि घरात गाणी मात्र रचली जात होती.

त्यांपैकी एक चाल तान्ह्या मायाला रमवण्यासाठी होती. बाळ शांत राहावे आणि आईवडिलांना थोडी उसंत मिळावी, इतकाच तिचा उद्देश. म्हणजे जगभर प्रेमगीत म्हणून गाजलेले हे गाणे मुळात एक अंगाईच आहे. अंगाईचे सारे गुण त्यात आहेत. संथ लय, पुन्हा पुन्हा येणारी ओळखीची वळणे, छोटे शब्द आणि नुसते गुणगुणणे.

एपिक रेकॉर्ड्सच्या एका प्रतिनिधीच्या कानावर तिची नमुना ध्वनिफीत पडली आणि कुटुंब लॉस एंजेलिसला गेले. तिथे स्टीव्ही वंडर मदतीला आला. तो मिनीच्या आवाजाचा चाहता होता. त्याच्या ‘वंडरलव्ह’ या साथीच्या गटात ती गायली, त्याच्या १९७४ च्या अल्बममधील ‘क्रीपिन’ या गाण्यातही तिचा आवाज आहे. तिच्या ‘पर्फेक्ट एंजल’ या अल्बमची निर्मिती त्याने रिचर्डबरोबर केली. मात्र मोटाउनशी करार असल्याने स्वतःचे नाव देता येईना, म्हणून त्याने स्पॅनिश टोपणनाव घेतले. त्याचा अर्थ काळा बैल!

अल्बम ऑगस्ट १९७४ मध्ये आला. त्यातील आधीच्या गाण्यांना बेताचा प्रतिसाद मिळाल्यावर ‘लव्हिन यू’ स्वतंत्रपणे प्रसिद्ध झाले. रिचर्डचे गिटार, वंडरचा इलेक्ट्रिक पियानो आणि मिनी. खिडकीबाहेरच्या पक्ष्याचा आवाज नमुना मुद्रणात शिरला होता, तो काढून टाकण्याऐवजी गाण्याचाच भाग झाला. ड्रम नाही, टाळ्या नाहीत, टॅम्बुरिन नाही. त्या काळच्या रेडिओवर हे जवळजवळ न ऐकलेले होते. एप्रिल १९७५ मध्ये गाणे ‘बिलबोर्ड’ यादीत पहिले आले, ब्रिटनमध्ये दुसरे. अल्बममधल्या लांब आवृत्तीच्या शेवटी ती मुलीचे नाव गात राहते.

ड्रम नसण्याला एवढे महत्त्व का?

ड्रमवर काठी पडते तेव्हा आवाज शून्यातून शिखरावर एका क्षणात जातो. मेंदूला सावध व्हायला वेळ मिळत नाही. आवाजाच्या या सुरुवातीला ध्वनिशास्त्रात ‘अटॅक’ म्हणतात. झांज, टाळी, टॅम्बुरिन यांचा अटॅक तीव्र. इलेक्ट्रिक पियानोचा हलक्या हाताने वाजवल्यास गोल, मऊ. ज्यांचे कान आणि मेंदू अशा धक्क्यांना जास्त प्रतिसाद देतात त्यांना हा फरक लगेच कळतो. स्वमग्नतेच्या निदानासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या अमेरिकी निकषांत २०१३ पासून आवाज, स्पर्श, प्रकाश यांना मिळणारा असामान्य प्रतिसाद हाही एक निकष आहे. पण असा त्रास स्वमग्न व्यक्तींपुरता नाही. साधे आवाजही असह्यपणे मोठे वाटण्याची ‘हायपरअ‍ॅक्युसिस’ ही स्वतंत्र तक्रार आहे; मायग्रेनच्या झटक्यात तर आवाज नकोसा होणे हे नेहमीचेच लक्षण.

मग अडचण कुठे आहे?

अडचण मिनीच्या सर्वांत प्रसिद्ध गोष्टीतच आहे. तिचा आवाज शिट्टीच्या पट्टीत जातो. माणसाच्या गळ्यातला हा सर्वांत वरचा टापू. स्वरयंत्राच्या पट्ट्या ताणलेल्या असतात आणि त्यांचा फार थोडा भाग कंप पावतो, असे मानले जाते. ढोबळमानाने सेकंदाला हजार कंपनांच्या वर हा टापू सुरू होतो. आपल्या भाषेत सांगायचे तर गायिकेचे तार सप्तक संपल्यावरचे, अतितार सप्तकातले हे सूर. ‘लव्हिन यू’मध्ये प्रत्येक फेरीच्या अखेरीस ती तिथे जाते.

माणसाचा कान सर्वाधिक संवेदनशील असतो तो साधारण दोन ते पाच हजार कंपनांच्या पट्ट्यात. बाळाच्या रडण्यातली बरीचशी धार याच पट्ट्यात असते. मिनीचे सर्वांत वरचे सूर या पट्ट्याच्या उंबरठ्यावर आणि त्यांचे उपस्वर थेट त्याच्या आत पडतात. त्यामुळे मीटरवर आवाज तेवढाच दिसला तरी कानाला तो मोठा भासतो. लहान स्पीकर असलेल्या मोबाइलवर तर खालचे सूर नीट उमटतच नाहीत, वरचे तेवढे पुढे येतात.

याला दुसरी बाजूही आहे. किंकाळी कर्कश वाटते ती केवळ उंच असल्यामुळे नव्हे. तिचा आवाज सेकंदाला ३० ते १५० वेळा खालीवर थरथरतो आणि हा खरखरीतपणा मेंदूला धोक्याची सूचना देतो. मिनीच्या शिट्टी-स्वरात ही खरखर जवळजवळ नसते. ऑपेराच्या तालमीने आलेली स्वच्छता इथे कामी येते. म्हणूनच उंच आवाजांनी त्रासणाऱ्यांपैकीही काहींना ‘लव्हिन यू’ चालते, आणि काहींना पहिल्याच फेरीत ते टोचते. कोणाचे काय होईल हे यादी करणाऱ्याला सांगता येत नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांचेही वेगळे असू शकते.

ऐकवायचे असेल तर काय पाहावे?

आधी मोठ्याने स्वतः ते शेवटपर्यंत ऐकावे आणि उंच सूर किती मिनिटांनी येतो हे टिपून ठेवावे. ऐकणाऱ्याला त्याची कल्पना द्यावी. पुढे काय येणार हे ठाऊक असले की तोच आवाज कमी टोचतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे थांबवण्याचे बटण त्याच्या हातात हवे. लहान मुलांच्या बाबतीत हा अधिकार देणे मोठ्यांना जड जाते, पण निम्मी भीती तिथेच संपते.

हेडफोनऐवजी खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेला बऱ्यापैकी स्पीकर बरा. बहुतेक फोनमध्ये किंवा संगीताच्या अ‍ॅपमध्ये इक्वलायझर असतो. त्यात उजवीकडच्या, म्हणजे वरच्या पट्टीच्या काड्या थोड्या खाली घेतल्या की मिनीचा सूर मवाळ होतो आणि गिटार तसेच राहते. थेट कार्यक्रमांचे मुद्रण टाळावे. तिने उंच सूर लावला की प्रेक्षक टाळ्यांचा कडकडाट करतात, आणि टाळ्यांचा तो लोट गाण्यापेक्षा जास्त त्रासदायक असतो. ‘लव्हिन यू’ अनेकांनी पुन्हा गायले आहे आणि त्यातल्या बऱ्याच आवृत्त्यांत ड्रम आहेत. नाव तेच म्हणून गाणे तेच, असे समजू नये. फुकटच्या अ‍ॅपवर दोन गाण्यांच्या मध्ये येणारी जाहिरात हा तर सगळ्यांत वाईट प्रकार. त्यापेक्षा मोजकी पाच गाणी फोनमध्ये उतरवून, ठरलेल्या क्रमाने लावलेली बरी.

शिट्टीचा सूर चालतच नसेल तर मिनीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. रॉबर्टा फ्लॅकचे १९६९ मधील ‘द फर्स्ट टाइम एव्हर आय सॉ युअर फेस’ कितीतरी खालच्या पट्टीत आणि कमालीच्या संथ लयीत जाते.

एक सावधगिरी मात्र हवी. त्रास होतो म्हणून दिवसभर कानांत बोळे घालून ठेवले तर कान आणखी हळवे होऊ शकतात, असे श्रवणतज्ज्ञ सांगतात. त्रास रोजच्या जगण्यात अडथळा आणत असेल तर त्यांच्याकडे किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे जाणे हाच मार्ग. गाणी हा उपचार नव्हे.

यशानंतर काय झाले?

यश टिकवायला मिनीला वेळच मिळाला नाही. १९७५ मध्येच ‘अ‍ॅडव्हेंचर्स इन पॅरडाइज’ आला. जानेवारी १९७६ मध्ये, वयाच्या २८व्या वर्षी, तिला स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले. शस्त्रक्रिया करून स्तन काढावा लागला, पण तोवर आजार पसरला होता आणि डॉक्टरांनी सुमारे सहा महिन्यांची मुदत सांगितली. त्याच वर्षी मे महिन्यात चार्ल्स स्टेपनीही ४५व्या वर्षी गेला.

ऑगस्ट १९७६ मध्ये तिने ‘द टुनाइट शो’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमात आपल्या शस्त्रक्रियेविषयी उघडपणे सांगितले. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांनी दोन वर्षांपूर्वी असे धाडस केले होते. पण ऐन उमेदीतल्या, सौंदर्याच्या चौकटीत पाहिल्या जाणाऱ्या कृष्णवर्णीय गायिकेने ते बोलणे वेगळे होते. आजार बरा होणारा नाही, हे मात्र तिने जाहीर केले नाही. ती अमेरिकन कॅन्सर सोसायटीसाठी देशभर बोलू लागली, स्त्रियांना स्वतःची तपासणी करायला सांगू लागली. १९७७ मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांच्या हस्ते तिला सोसायटीचा धैर्य पुरस्कार मिळाला. सहा महिन्यांच्या मुदतीऐवजी ती साडेतीन वर्षे जगली, त्या काळात दौरे केले आणि दोन अल्बम पूर्ण केले.

त्यांतला शेवटचा, ‘मिनी’, १९७९ च्या मे महिन्यात आला. त्या उन्हाळ्यात दूरचित्रवाणीवर ‘मेमरी लेन’ गाताना तिचा उजवा हात जवळजवळ हलत नाही; सुजेमुळे तो निकामी झाला होता. गळा मात्र ठिकाणावर होता. त्याच वर्षी १२ जुलैला लॉस एंजेलिसमध्ये तिचे निधन झाले. ती ३१ वर्षांची होती, मायाला सात वर्षे पूर्ण व्हायला दोन आठवडे बाकी होते. तिच्या मागे राहिलेल्या मुद्रणांतला आवाज घेऊन रिचर्डने १९८० मध्ये आणखी एक अल्बम केला. त्यात तिच्या सुरांभोवती स्टीव्ही वंडर, मायकेल जॅक्सन अशा मित्रांनी आपले सूर जोडले.